मुरूम टाकण्याआधी काळी माती उचला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रिकाम्या प्लॉटवर भाजीपाला लावा, असा सल्ला आजकाल सगळीकडून मिळतो. सल्ला चांगलाच आहे, पण तालुक्याच्या गावांना लागून पडणाऱ्या लेआउटवर तो फसतो. कपाशी-तुरीचं वावर अकृषक झालं की पहिलं काम मुरूम टाकण्याचं. फूटभर मुरूम, वरून रोलर. रस्त्याला मुरूम लागतो, मान्य. पण प्लॉटवर तो बहुधा पावसाळ्यात गिऱ्हाईकाची गाडी फसू नये म्हणूनच पडतो.

पुढे घर बांधताना खालची काळी माती काढावीच लागते, कारण ती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे देते. तेव्हा जेसीबीनं मुरूम, काळी माती आणि चार-पाच फुटांखालची चुनखडी सगळं एकत्र निघतं. तेच परसात पसरलं की वांग्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक युरिया टाकत बसतात. दुखणं असतं चुनखडीमुळे लोह न मिळण्याचं.

यावर उपाय साधा आहे. मुरूम येण्याआधी, एप्रिल-मे महिन्यात जमीन कोरडी असतानाच वरची एक फूट माती काढून ओपन स्पेसच्या कोपऱ्यात ठेवावी. ओल्या काळ्या मातीला जेसीबी लावला की तिची ढेकळं होतात आणि ती लवकर भुसभुशीत होत नाही. ढीग पाच फुटांपेक्षा उंच नको, आत हवा खेळत नाही. पावसात वाहून जाऊ नये म्हणून वर ताग किंवा चवळीचं बी फेकावं. एका एकरातून अशी सुमारे 435 ब्रास माती निघते (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). 10 बाय 10 फुटांच्या, फूटभर उंचीच्या वाफ्याला लागते 1 ब्रास, म्हणजे साधारण एक ट्रॉली. तेव्हा प्रत्येक प्लॉटधारकाला दोन-दोन ट्रॉल्या देऊनही भरपूर उरेल. आज ती मुरमाखाली गाडली जाते नाहीतर वीटभट्टीवर जाते.

ज्यांच्या प्लॉटवर मुरूम पडलाच आहे, त्यांनी त्यावर नुसती माती ओतू नये. रोलर फिरलेल्या मुरमात पाणी मुरत नाही. ते मातीच्या तळाशी साचतं आणि मुळं सडतात. आधी सब्बलनं सहा इंच मुरूम फोडावा, उताराकडे एक चर काढावा, मग चार फूट रुंदीचा उंच वाफा करावा. दोन घमेली मातीला एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्चं शेण टाकलं तर हुमणी आणि उधळी (वाळवी) आलीच म्हणून समजा. पहिल्या पावसाळ्यात भाजीची घाई नको. हजार चौरस फुटांना अर्धा किलो ताग पेरून फुलावर येताना, दीड महिन्यानं, गाडावा. हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) निर्धास्त येतं. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात मात्र बोअरचं पाणी वाफ्याला देऊ नये, माती वरून पांढरी पडून घट्ट होते. तिथं छपराचं पाणी साठवूनच काय ते करावं.

20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी देताना वरची माती राखून ठेवण्याची अट सहसा घातली जाते. दोन-चार एकरांचे लेआउट त्या नियमात येत नाहीत, आणि आपल्याकडे दिसतात ते बहुतेक तेवढेच. म्हणून नगरपंचायतींनी आपल्या मंजुरीच्या अटींत ही एक ओळ घालावी. मुरमाची पहिली गाडी येण्याआधी अभियंत्यानं मातीचा ढीग जागेवर जाऊन बघावा. मुरूम पसरल्यावर तपासणीला गेलं, तर खाली माती होती की नव्हती हे कुणालाच सांगता येणार नाही.

आपला,
एक वाचक,
दारव्हा, जि. यवतमाळ