मंडळांनी प्लेटलेटदात्यांची यादी ठेवावी

महोदय,

सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना, आणि बहुतेक वर्षी गणपतीही याच सुमारास येतात. मंडळांची रक्तदान शिबिरे हे महाराष्ट्राचे वैभव आहे. पण त्या रक्ताचा कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांना किती उपयोग होईल, हे पिशवी किती वेळ आणि कशात ठेवली यावर ठरते.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग. केमोच्या पहिल्या चार-पाच आठवड्यांत रोगट पेशींबरोबर अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही मरतात. रक्त गोठवणाऱ्या, एरवी दीड लाखाच्या वर असणाऱ्या प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली उतरतात आणि नाकातून, हिरड्यांतून, कधी मेंदूतही रक्तस्राव होतो. पूर्वी ही मुले पुष्कळदा रक्तस्रावानेच जात. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे डॉ. एमिल फ्रायराइक यांनी ताज्या प्लेटलेट्स देऊन तो थांबवता येतो हे दाखवले, तेव्हाच जोरदार केमो देणे शक्य झाले.

अडचण अशी की लाल पेशी फ्रीजमध्ये पाच आठवडे टिकतात, प्लेटलेट्स मात्र पाचच दिवस, त्याही २० ते २४ अंशांवर आणि सतत हलवत ठेवाव्या लागतात. शिबिरातल्या सगळ्या पिशव्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, की त्यांतून प्लेटलेट्स काढता येत नाहीत. रक्त घेतल्यापासून सहा ते आठ तासांत त्या वेगळ्या व्हाव्या लागतात. संध्याकाळपर्यंत चाललेल्या शिबिरातल्या सकाळच्या पिशव्या त्यामुळे हुकतात. म्हणून किती पिशव्या प्लेटलेटसाठी हव्यात ते रक्तपेढीला आधी विचारावे आणि त्या पिशव्यांची पहिली गाडी दुपारीच रवाना करावी. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल, तर दात्याने ते आवर्जून सांगावे.

याहून मोलाचे आहे ते यंत्रावरचे प्लेटलेटदान. एका दात्याकडून साध्या पाच-सहा पिशव्यांइतक्या प्लेटलेट्स मिळतात, म्हणजे मुलाच्या अंगात सहा जणांऐवजी एकाचेच रक्तघटक जातात. साधारण दीड तास लागतो. लाल पेशी परत शरीरात सोडल्या जातात, त्यामुळे अशक्तपणा येत नाही. ओठांना मुंग्या येतात, कारण यंत्रात रक्त गोठू नये म्हणून घातलेले द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवते. कॅल्शियमची गोळी घेतली आणि यंत्राचा वेग कमी केला की थांबतात. ४८ तासांनी पुन्हा देता येते, मात्र आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा, याहून जास्त नाही.

मंडळाने पंचवीस-तीस अशा दात्यांची रक्तगटासह यादी करून जवळच्या रक्तपेढीला द्यावी आणि पाळी लावावी. एकाच दिवशी तीनशे पिशव्यांपेक्षा वर्षभर दर आठवड्याला दोन दाते या मुलांना जास्त उपयोगी पडतात. दिवाळीत आणि मे महिन्यात तर फारच.

मंडपात एक फलकही लावावा: न उतरणारा ताप, पांढुरका चेहरा, मार न लागता उमटणारे निळे डाग, रात्री जागवणारी हाडांची दुखी, पोटातला गोळा, फ्लॅशच्या फोटोत बुबुळात दिसणारी पांढरी चमक. यांपैकी काही दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ताप, निळे डाग किंवा हाडांची दुखी असेल, तर रक्ताची काचपट्टी तपासण्याआधी स्टेरॉइड देऊ नये. त्याने रक्ताचा कर्करोग काही दिवस दबतो आणि निदान चुकते.

सत्कार डॉक्टरांचे होतात, ते व्हावेतच. पण सिस्टरांचे कामही पाहा. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचे औषध शिरेतून मुलाला वाचवते आणि चुकून पाठीच्या कण्यात गेले तर जीव घेते. म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाइनच्या पिशवीतून, आणि कण्यातल्या इंजेक्शनच्या वेळी ते खोलीत येणारच नाही अशा बेताने दिले जाते. नाव, औषध, मात्रा, मार्ग दोन सिस्टर मोठ्याने वाचून पडताळतात. शिरेबाहेर थेंब झिरपला तर कातडी जळते, म्हणून आधी सुईत रक्त परत येते का तेही पाहतात. हा नेम त्या रोज, प्रत्येक मुलासाठी पाळतात. मंडळांच्या व्यासपीठावर त्यांना आणि रक्तपेढीच्या तंत्रज्ञांना मानाने बोलवायला हवे.

परळचे टाटा रुग्णालय लालबागच्या मिरवणुकीच्या वाटेशेजारीच आहे. अनंत चतुर्दशीला रस्ते बंद असतात आणि तपासण्या झाल्याशिवाय पिशवी वापरता येत नाही. त्या दिवशी लागणाऱ्या प्लेटलेट्स दोन दिवस आधीच दिलेल्या असाव्यात. तिथल्या मंडळांनी यंदापासून एवढी पाळी स्वतःकडे घ्यावी, ही कळकळीची विनंती.

— बालकर्करोग विभागातील काही निवृत्त परिचारिका, मुंबई