शिफ्ट वाचण्याआधी पाणी मोज

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार.

कॉर्नियाचा (डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याचा) ताठरपणा तू ब्रिलुआँ प्रकीर्णनाने, म्हणजे पदार्थातल्या ध्वनिलहरींवरून विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशाने, मोजणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. फक्त एक गोष्ट आधीच पक्की कर: ब्रिलुआँ शिफ्ट, म्हणजे त्या प्रकाशाच्या वारंवारतेतला बदल, हा यंगचा मापांक (ताणताना दिसणारा ताठरपणा) नव्हे. इथे लाँजिट्युडिनल मॉड्युलस (बाजूंना पसरू न देता दाबताना दिसणारा ताठरपणा) मिळतो, तोही गिगाहर्ट्झ वारंवारतेला, आणि तो गिगापास्कलमध्ये येतो. ऊती ओली असली की या आकड्यात पाण्याचा वाटा सर्वांत मोठा. हायड्रोजेलमधलं (पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या जाळ्यातलं) पाणी तेवढंच ठेवून जाळं ताठ केलं, तर शिफ्ट जेमतेम हलते. पाणी कमी केलं की लगेच वाढते.

म्हणून आधी पाणी सांभाळ. काढलेला कॉर्निया साध्या सलाइनमध्ये फुगतो, उघडा ठेवला तर सुकतो. डेक्स्ट्रानच्या (फुगणं रोखणाऱ्या मोठ्या शर्करा-रेणूच्या) द्रावणात ठेव आणि दर काही मिनिटांनी जाडी मोज. जाडी बदलली, तर शिफ्टमधला बदल ताठरपणाचा समजू नकोस. शेवटी ओलं आणि सुकं वजन घेच.

तापमानही तितकंच महत्त्वाचं. ५३२ नॅनोमीटर लेझरने, बॅकस्कॅटरिंगमध्ये (उलट मागे विखुरलेला प्रकाश घेऊन), पाण्याची शिफ्ट २० अंश सेल्सिअसला साधारण ७.४ गिगाहर्ट्झ येते, ३७ अंशांना ७.६. निरोगी आणि आजारी कॉर्नियातला फरक अनेकदा याहूनही लहान असतो. तेव्हा पाणी आणि मिथेनॉल यांचं कॅलिब्रेशन नमुन्याच्याच तापमानाला, आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कर. लेझरची शक्ती दुप्पट करून पाहा. शिफ्ट सरकली तर नमुना तापतोय.

पृष्ठभागाजवळ थेट परावर्तन ब्रिलुआँच्या रेषा बुडवून टाकतं. एका व्हीआयपीएने (वारंवारतेतले बारीक फरक वेगळे करणाऱ्या काचपट्टीने) भागत नाही, एकमेकांना काटकोनात दोन लाव. नमुना काही अंश तिरका केलास तर परावर्तन बाजूला जातं, पण कॉर्नियातले कोलॅजनचे थर दिशेनुसार वेगळी शिफ्ट देतात, म्हणून तिरकेपणा सगळ्या नमुन्यांना एकच ठेव. मोठ्या न्यूमरिकल अपर्चरचं, म्हणजे फार रुंद कोनातून प्रकाश घेणारं, ऑब्जेक्टिव्ह (भिंग) टाळ. त्यात प्रकीर्णनाच्या लहान कोनांतला प्रकाशही शिरतो, रेषा खालच्या बाजूला पसरते आणि श्यानता उगाच जास्त दिसते.

शिफ्टवरून मॉड्युलस काढताना घनता आणि अपवर्तनांक दोन्ही लागतात. ओल्या ऊतींमध्ये घनता भागिले अपवर्तनांकाचा वर्ग जवळपास स्थिर धरला तरी चालतं. चरबीत मात्र ते गणित फसतं. शंका असेल तिथे सरळ शिफ्टच लिही, मॉड्युलस नको.

पहिले स्पेक्ट्रम आले की जाडी आणि तापमानाच्या नोंदींसकट पाठव, मग बसून बघू.

तुझा,
अनिरुद्ध