आई-बाबा, आता ‘बरं चाललंय’ म्हणू नका

ओकायामा, जपान, २१ सप्टेंबर

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, तरी आज मुद्दाम पत्र लिहायला बसले. जे सांगायचंय ते फोनवर काढलं की आई जेवणाचं विचारायला लागते आणि बाबा फोन आईकडे देतात. पत्र तरी शेवटपर्यंत वाचाल.

परवा शेजारच्या काकूंचा मेसेज आला, ‘बाबांच्या हाताचं प्लास्टर निघालं का गं?’ मी तो तीनदा वाचला. मग महिनाभराचे व्हिडिओ कॉल आठवत बसले. प्रत्येक वेळी फोन आईच्याच हातात आणि बाबांचा फक्त चेहरा दिसायचा. कसं चाललंय विचारलं की दोघांचं एकच उत्तर, ‘अगदी बरं चाललंय.’

मी रागावले नाहीये. का, ते कळायला मी राहते त्या या जपानी कुटुंबाच्या घरात सहा महिन्यांत काय झालं ते सांगायला हवं. मीही तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही.

एप्रिलमध्ये आले तेव्हा ओकासाननं, म्हणजे इथल्या आईनं, माझ्यासाठी शाकाहारी स्वयंपाकाचं एक पुस्तकच आणून ठेवलं होतं. रोज सकाळी वाफाळता भात, तोफू आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप. दोन आठवडे मी ते सूप वाटी पुसून प्यायले. एके दिवशी लवकर उठले, तर ती उकळत्या पाण्यात रंधा मारलेल्या लाकडाच्या ढलप्यांसारखं काहीतरी टाकत होती. सुकवलेल्या माशाचे पापुद्रे होते ते. इथल्या जवळपास प्रत्येक रश्श्याचा पाया असाच असतो, त्याला ‘दाशी’ म्हणतात. तो गाळून घेतात, त्यामुळे ताटात मासा दिसत नाही आणि तिच्या लेखी ते सूप शाकाहारीच होतं.

मी काहीच बोलले नाही. पुढचे चार दिवस पोट बरं नाही असं सांगत राहिले. ती काळजीनं विचारायची आणि मी म्हणायचे, ‘दाइजोबु.’ म्हणजे ठीक आहे, काही काळजी नको. जपानीत शिकलेल्या पहिल्या काही शब्दांतला हा एक, आणि खोटं बोलायला मी पहिल्यांदा वापरला तोही हाच. शेवटी ओतोसाननंच, म्हणजे घरातल्या बाबांनी, एका संध्याकाळी समोर बसवून विचारलं आणि मी सांगून टाकलं. ओकासानचा चेहरा पडला. कितीदा क्षमा मागितली असेल तिनं. दुसऱ्या दिवसापासून रात्रीच कोम्बू, म्हणजे समुद्री शेवाळाचा तुकडा, आणि वाळवलेले शिताके मश्रूम पाण्यात भिजत पडायला लागले. आता घरातल्या सगळ्यांचंच सूप त्यावर होतं. पण त्या रात्री ती एक वाक्य बोलली ते माझ्या मनातून जात नाही. म्हणाली, ‘माशाचं मला वाईट वाटलं नाही. चार दिवस तू माझ्या घरात उपाशी होतीस, त्याचं वाटलं.’

त्यानंतर मी या घरची झाले असं मला वाटतं. इथे रात्री सगळे एकाच टबमधल्या गरम पाण्यात आळीपाळीनं बसतात. आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच टबमध्ये उतरायचं, म्हणून पाणी सगळ्यांना पुरतं. पहिला मान पाहुण्याचा. मे महिन्यात एकदा मी टॉवेल घेऊन निघाले तर ओकासान म्हणाली, आज आधी ओतोसान जातील, त्यांची पाठ दुखतेय. पहिला नंबर गेला आणि मला किती बरं वाटलं!

आई, तुला आवडेल अशी गोष्ट सांगते. घरातून निघताना इथे ‘इत्तेकिमास’ म्हणतात. त्याचा अर्थ शब्दशः ‘जाऊन येते’. तू लहानपणापासून दटावायचीस ना, ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं? अगदी तेच. उंबऱ्याशी चपला काढायच्या, आणि सकाळचा पहिला भात पूर्वजांच्या छोट्या देव्हाऱ्यापुढे ठेवायचा. आजीचा नैवेद्याचा हात आठवतो मला रोज.

जूनमध्ये ओकासाननं उमेबोशी घातली. उमे म्हणजे जर्दाळूच्या जातीचं एक आंबट फळ. प्रत्येक फळाचं देठ काडीनं अलगद काढायचं, फळं पुसायची, मिठात थर लावायचे आणि वर दगडासारखं वजन ठेवायचं. शंभर ग्रॅम फळाला अठरा ग्रॅम मीठ, तराजूवर मोजून. काही दिवसांनी फळांना आपलंच पाणी सुटतं, मग त्यात शिसोची लाल पानं चुरून घालायची. पावसाळा सरला की जुलैच्या अखेरच्या कडक उन्हात तीन दिवस बांबूच्या पसरट टोपल्यांत वाळवायची. तुझी कैरी, तुझी चिनीमातीची बरणी, ओला हात लावलास तर बघ म्हणणारा तुझा आवाज, सगळं त्या अंगणात होतं.

त्या तीन दिवसांतच ते झालं. फळं उलटायला ती जमिनीवर बसली आणि तिला उठता येईना. मी हात दिला. गुडघा टम्म सुजला होता. किती दिवसांपासून, विचारलं तर म्हणाली, वसंतापासून.

तिचा मुलगा तोक्योत असतो. शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, साडेतीन तास. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. त्या रविवारी मी शेजारीच बसले होते. त्यानं तब्येतीचं विचारलं असणार, कारण ती हसून म्हणाली, ‘दाइजोबु, दाइजोबु.’ सुजलेल्या पायावर बर्फाची पिशवी होती. मग तिनं फोन माझ्याकडे दिला. त्यानं मला विचारलं, आई बरी आहे ना? ओकासान माझ्याकडे बघत होती. आणि मीही तेच म्हणाले.

त्या रात्री मला झोप आली नाही. तोवर मी नेहमी फोनच्या पलीकडच्या बाजूला होते, दूर गेलेल्या मुलांच्या बाजूला. फोन ठेवल्यावर घरात काय उरतं ते मी पहिल्यांदा बघत होते. ओतोसाननं टीव्हीचा आवाज मोठा केला. ओकासाननं दोन कप धुतले. ते दोन कप धुवायला तिला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तिला मी म्हटलं, तुम्ही मला सुपाचं जे सांगितलं होतं तेच आज मी तुम्हाला सांगते. तो तिकडे उपाशी आहे. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘सांग.’ शनिवारी मुलगा आला, दवाखान्यात घेऊन गेला. गुडघ्यात पाणी झालं होतं, ते काढलं, व्यायाम दिले. आता ती हळूहळू जिना चढते. आणि रविवारचा फोन पाऊण तासाचा झालाय, कारण आता त्यात खरं बोलणं असतं.

बाबा, म्हणून सांगते, मला रागवायचा हक्क नाही. मीही चार दिवस उपाशी राहून तुम्हाला ‘छान जेवले’ सांगितलं होतं. पण आता तुम्ही दोघं मला खरं सांगा. कुठे पडलात? बाथरूममध्ये की जिन्यात? कोणता हात? रात्री दुखतो का? आईला एकटीला अंघोळीसाठी मदत करायला जमतं का? ऐकून मी काही करू शकणार नाही असं तुम्हाला वाटतं, पण काहीच ऐकलं नाही की मी सगळंच वाईट कल्पून बसते. इथल्या रात्रीच्या साडेदहाला तुमचे सात वाजलेले असतात. तो वेळ खऱ्या बोलण्याचा ठेवू या.

गेल्या रविवारी ओतोसान मला कोराकुएन बागेत घेऊन गेले होते. १६८७ ते १७०० या काळात इथल्या सरदार इकेदा त्सुनामासानं घडवलेली बाग. मध्ये मोकळं हिरवं कुरण, तळं, चहाचा छोटा मळा, पलीकडे आसाही नदी आणि काळा किल्ला. तो किल्ला १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळला आणि १९६६मध्ये पुन्हा उभा राहिला. आपली सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यानातली बाग याच बागेवरून केलीय, हे मी त्यांना सांगितलं आणि तुमचा तिथल्या पुलावरचा फोटो दाखवला. त्यांनी तो खूप वेळ बघितला. म्हणाले, म्हणजे तुझे बाबा आणि मी एकाच बागेत फिरतो.

प्लास्टर निघालं की हळूहळू तिथे जा, आईला बरोबर घेऊन. फोटो पाठवा, मी त्यांना दाखवीन.

ओकासाननं उमेबोशीची एक छोटी बरणी आईसाठी बाजूला काढून ठेवलीय, वर माझ्याकडून देवनागरीत नाव लिहून घेतलंय. मार्चमध्ये घेऊन येते. खूप आंबट आणि खारट असते, अर्धीच खा, गरम भाताबरोबर.

उद्या फोन करीन तेव्हा आईनं फोन जरा लांब धरावा. मला हात बघायचाय.

येते.

तुमची,
मनू