रविवारचा इंग्लिश क्लास: या वेळी दिवसाचं प्लॅनिंग

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ला नेहमीच्याच जागी, म्हापशाला, देवळामागच्या हॉलमध्ये जमायचंय. विषय आहे रोजच्या कामांचं प्लॅनिंग इंग्लिशमध्ये कसं बोलायचं.

येताना प्रत्येकाने आपल्या उद्याच्या पाच कामांची टू-डू लिस्ट इंग्लिशमध्ये लिहून आणा, बाजार, लाईट बिल, पोराची ट्युशन, काहीही चालेल, पण स्वतःची हवी, गुगल ट्रान्सलेटची नको.

हे शब्द आधी बघून या:
- पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, कॉल ऑफ म्हणजे रद्दच करणं. मागच्या वेळी अर्ध्या लोकांनी उलटं सांगितलं :)
- बाय फ्रायडे आणि अनटिल फ्रायडे. आपण दोन्हीला 'शुक्रवारपर्यंत'च म्हणतो म्हणून घोळ होतो. बाय म्हणजे तोवर काम संपलं पाहिजे, अनटिल म्हणजे तोवर ते चालू राहणार. यावर जास्त वेळ देणार आहोत.
- प्रीपोन म्हणजे ठरल्यापेक्षा अलीकडे आणणं. आपल्याकडे चालतं, पण बाहेरच्या क्लायंटला ब्रिंग फॉरवर्ड म्हणा.
- प्रोक्रॅस्टिनेट. यातलं 'क्रास' लॅटिन, म्हणजे 'उद्या'. थोडक्यात आपलं 'फाल्यां करूया'!

पोमोदोरो पण करून बघू, २५ मिनिटं काम मग ५ मिनिटं ब्रेक. इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटो, ही पद्धत काढणाऱ्या फ्रान्चेस्को चिरिल्लोचा टायमर टोमॅटोच्या आकाराचा होता म्हणून हे नाव.

मोबाईल सायलेंटवर, आणि १० म्हणजे १०, कदंबा बस चुकली हे कारण आता पुरे. येणार नसाल तर शनिवार संध्याकाळपर्यंत इथेच कळवा, चहा-भजी तेवढीच सांगायची आहेत.