देव मानत नाही, पण मानणाऱ्यांशी माझं भांडण नाही

मा. संपादक,

मी नास्तिक आहे. लपूनछपून नाही, घरात, नात्यात, ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. तरी हे पत्र मी आमच्याच लोकांच्या वागण्याबद्दल लिहितोय, कारण आषाढी जवळ आली की व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर वारकऱ्यांची टिंगल सुरू होते. अडाणी आहेत, मेंढरं आहेत, कामधंदा सोडून चालत सुटलेत, असलं काय काय लिहितात आणि लिहिणारे स्वतःला विवेकवादी म्हणवतात. मला त्याचा मनापासून राग येतो.

मी फलटणचा, माउलींची पालखी आमच्या गावातूनच जाते. विठ्ठल कुणाला पावतो असं मला अजिबात वाटत नाही, कोणी विचारलं तर तोंडावर सांगतो. पण पायी पंढरपूरला निघालेला माणूस माझं काय वाईट करतो? कचरा होतो, ट्रॅफिक अडतं, शौचालयं कमी पडतात, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यावर नगरपालिकेला धारेवर धरा, दिंडीवाल्यांनाही बोला, पण तो गर्दीचा प्रश्न आहे, मोठी सभा असली तरी तेच होतं.

यावर काहीजण लगेच म्हणतात की अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून विसरलात का. नाही हो विसरलो. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला पुण्यात ओंकारेश्वर पुलावर गोळ्या घातल्या, कोर्टाने दोघांना जन्मठेप दिली ती थेट 2024 साली, तोवर घरच्यांनी काय भोगलं असेल. पण हाच माणूस जन्मभर काय सांगत होता तेही आठवा ना. आमचा देवाधर्माला विरोध नाही, देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या शोषणाला विरोध आहे, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. डॉ. श्रीराम लागू त्यांच्याबरोबर एकाच स्टेजवर बसून ठणकावून म्हणायचे की देव ही कल्पनाच आता रिटायर करा, दाभोलकर म्हणायचे समितीची भूमिका तशी नाही, आणि हा वाद लोकांसमोर चालायचा. मी स्वतः लागूंच्या बाजूचा आहे. पण तेसुद्धा देव या कल्पनेवर तुटून पडायचे, समोर बसलेल्या भाविकावर नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याचंही तेच. वारकऱ्यांच्या काही संघटनांनी त्याला बरीच वर्षं विरोध केला, कीर्तन आणि वारी बंद पडेल अशी त्यांना भीती होती. शेवटी 2013 ला कायदा झाला तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन, घरातली देवळातली दर्ग्यातली चर्चमधली उपासना, जिच्यामुळे कोणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही, तिला हा कायदा लागूच नाही. गुन्हा काय, तर नरबळी, भूत उतरवायचं म्हणून मारहाण, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र म्हणत बसणं. म्हणजे कोणाला इजा किंवा नुकसान होतं की नाही एवढंच बघायचं. मला ही रेघ पूर्ण मान्य आहे आणि ती ओढायला आपल्याच चळवळीने इतकी वर्षं घालवली.

दुसरं म्हणजे आपण स्वतः कशाच्या जोरावर बिनधास्त नास्तिक म्हणून जगतो? घटनेच्या कलम 25 च्या. त्यात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आधी येतं, मग धर्म पाळायचं आणि त्याचा प्रचार करायचं, आणि सगळं सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य यांच्या अधीन. 1986 मध्ये केरळमधल्या तीन मुलांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची पण त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून शाळेने काढलं होतं. कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. पुढे आपल्या नाशिकला एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, त्यांची वेतनवाढ अडवली, तेव्हा मुंबई हायकोर्टाने सांगितलं की अशी सक्ती करता येणार नाही. एकीकडे अतिशय धार्मिक घरातली पोरं, दुसरीकडे प्रार्थना नको म्हणणारा माणूस, आणि दोघांनाही वाचवणारं तत्त्व एकच. त्या मुलांच्या बाजूने जो उभा राहणार नाही त्याने नाशिकच्या शिक्षकासाठी कुठल्या तोंडाने बोलायचं?

आणि सरकारी जोरावर देव घालवायचा प्रयोग जगात झालाय. अल्बानियात 1967 ला सगळ्या मशिदी आणि चर्च बंद केली, 1976 च्या घटनेत धर्मालाच जागा ठेवली नाही, धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं, काहींना मारलं. 1990 ला बंदी उठली आणि लोक पुन्हा मशिदीत, चर्चमध्ये जायला लागले. माझ्या विचारांच्या नावाने असा छळ झाला याची मला लाज वाटते.

शांत भाविकांच्या जिवावरच कट्टर लोक मोठे होतात, असाही मुद्दा येतो. मला तो पटत नाही. 2020 ला कोरोनात पायी वारी रद्द झाली, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, 2021 ला पण गाड्यांनीच, काही मंडळींनी विरोध केला हे खरं पण लाखो वारकरी गप घरी बसले, दुसऱ्यांच्या जिवासाठी पिढ्यान् पिढ्यांचा नेम मोडला. या माणसाला आणि पिस्तूल चालवणाऱ्याला एकाच पोत्यात घालणं अन्याय आहे, आणि त्यातून कट्टर लोकांनाच सांगायला मिळतं की बघा, हे सगळे तुमच्या विठोबावर उठलेत.

याचा अर्थ गप्प बसा असा नाही. चमत्काराचा दावा कोणी केला तर पुरावा मागा, शाळेत पूजा घातली तर हरकत घ्या, देव नाही हे लिहा, बोला, मीही बोलतोच, आमच्या घरी एकादशी करणारी बायको आहे आणि आमचा वाद बऱ्याचदा रंगतो. फक्त माणसाची अक्कल काढू नका. भोंदूबाबाविरुद्ध केस उभी करायची तर तक्रारदार लागतो, साक्षीदार लागतो, आणि फसवला गेलेला माणूस जवळपास नेहमी भाविकच असतो. उद्या त्याची पोरगी आजारी पडली, बाबाने पैसे उकळले, अंगारा दिला, आणि त्याच्या मनात पोलीस ठाण्यात जावं की नाही असं आलं, तर सोबत चला म्हणून तो कोणाकडे येईल? वर्षभर त्याला मेंढरू म्हणणाऱ्याकडे तर नक्कीच येणार नाही.

आपला,
एक नास्तिक वाचक, फलटण