गौरी, गोळी आणि तिची चिडचिड

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी एका दमात सांगितल्यास. एक, गौरींच्या दिवसांतच हिची पाळीची तारीख येतेय, पण पाळी पुढे ढकलायची गोळी घेईल, काळजी नको. दुसरी, सणाची सगळी कामं बायकांच्याच गळ्यात का, असं ती तावातावाने बोलली, पण ते पीएमएस आहे, म्हणजे पाळीआधीची चिडचिड, आई तू मनावर घेऊ नकोस.

मी मनावर घेतलंय. म्हणून हे सविस्तर लिहितेय, निवांत वाच.

गोळीचं आधी. औषधांच्या दुकानात काउंटरवर माझी उमेदीची वर्षं गेली. श्रावण लागला की नॉरएथिस्टेरॉनच्या, म्हणजे याच पाळी लांबवणाऱ्या गोळ्यांच्या, पट्ट्या जास्तीच्या मागवून ठेवायला लागायच्या. मंगळागौर, सत्यनारायण, मग गौरी-गणपती. न्यायला बहुतेक नवरेच यायचे. मोबाइलवर नाव दाखवायचे, 'घरी पूजा आहे' एवढंच पुटपुटायचे आणि कागदात गुंडाळून द्या म्हणायचे. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की तोंड वाकडं! अरे, ते हार्मोन आहे. साधारण तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा घ्यायचं. थांबवलं की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा यकृताचं दुखणं असेल, तर चालत नाही. काहीजणींचे त्यानेच स्तन दुखतात, अंग फुगतं, मन उदास होतं. आधीच जड जाणाऱ्या आठवड्यावर हे आणखी वर.

पाळीची तारीख आपल्याकडे सगळ्या घराला पाठ असते. तुझी आजी कालनिर्णयवर पेन्सिलीने टिंब करायची, कुळाचारात अडचण नको म्हणून. त्या टिंबाच्या आधीच्या आठवड्यात मला पोळ्या लाटता लाटता रडू यायचं, ब्लाउज टोचायचा, कुकरची शिट्टी झाली तरी डोकं उठायचं. याचं टिंब कुणी केलं नाही. पाळी आली की 'बाजूला बस', आणि येईपर्यंत 'हिला झालंय तरी काय!'

डॉक्टर लोकांनी याची दखल 1931 सालीच घेतली होती. रॉबर्ट फ्रँक या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने पाळीआधीच्या ताणावर लिहिलं. आज तू जे नाव सहज वापरतोस ते 1953 मध्ये इंग्लंडमध्ये कॅथरीना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांच्या लेखातून रूढ झालं. यातला तीव्र प्रकार म्हणजे पीएमडीडी. त्याला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळायला मात्र 2013 उजाडलं. बीज सुटल्यानंतर पाळी येईपर्यंतच्या दोनेक आठवड्यांत हार्मोन्स चढतात आणि उतरतात. ते सगळ्याच बायकांत होतं. ज्यांना त्रास होतो त्यांच्यात हार्मोन जास्त असतात असं नाही, त्यांचा मेंदू त्या चढउताराला जास्त हलतो. त्यामुळे 'बाकीच्यांना नाही होत, हिलाच कसं होतं' हा तुझ्या मावशीचा प्रश्न निकालात निघाला.

आता तुझं वाक्य. त्रास खरा आहे हे तू मानतोस, चांगलं आहे. तुझ्या बाबांच्या पिढीने 'नखरे' म्हणून सोडून दिलं. पण तू मानतोस ते तिचं बोलणं बाद करायला. ऑफिसमध्येही हेच चालत असणार. एखादी मीटिंगमध्ये आवाज चढवून बोलली की पोरं एकमेकांकडे बघून हसतात. चिडचिडीने आवाज चढतो, कबूल. पण मुद्दा कुठून आला? मे महिन्यात माझ्याबरोबर गच्चीत पापड वाळत घालताना ती हेच बोलली होती, अगदी हसत. तुला तिने बाकीच्या तीन आठवड्यांत किती वेळा सांगितलं असेल! तेव्हा तुला ऐकू गेलं नाही.

तिला दर महिन्याला फार होत असेल तर डॉक्टरकडे जा. जायच्या आधी दोन पाळ्यांची रोजची नोंद तिने स्वतः ठेवावी: झोप, दुखणं, मूड. तू तिच्या वतीने लिहायला बसू नकोस. नोंदीवरून कळतं की त्रास पाळी आल्यावर ओसरतो की महिनाभर असतो; महिनाभर असला तर थायरॉइड किंवा नैराश्यही पाहावं लागतं. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं यात चांगली लागू पडतात, काहीजणींना फक्त त्या दोन आठवड्यांत घेऊनही. डॉक्टरांनी ती लिहून दिली तर 'वेड्यांची औषधं' हे शब्द तुझ्या तोंडून येता कामा नयेत. आणि जगणं नकोसं झालंय असं ती कधी बोलली, तर ते पीएमएस म्हणून सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

गौरींचं मी ठरवलंय. गोळी नाही. पाळी आली तर आली. तिला वाटलं तर ती आरास करेल, नाहीतर झोपून राहील. मुखवटे मी आणि तुझे बाबा आणू. तू आवाहनापासून विसर्जनापर्यंत तीन दिवस रजा टाक. सोळा भाज्या निवडायच्या आहेत, नारळ खवायचे आहेत, पुरण वाटायचं आहे, आणि जेवणावळीनंतरची भांडी आहेत. पुरण पाट्यावर वाटायचं की मिक्सरवर ते तुझं तू बघ. आत्या विचारेल, तिला मी सांगते.

तुझी,
आई