लोकलच्या डब्यात भेटलेली मोडी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोकरीसाठी रोज पुण्यात ये-जा करणाऱ्यांचा किती वेळ वाटेत जातो, याबद्दलची वाचकांची पत्रं आपल्या अंकात वाचली. मी कामशेतला राहते आणि शिवाजीनगरला नोकरी करते. सकाळी तास-सव्वा तास, संध्याकाळी तेवढाच. गर्दी, पावसाळ्यातली ओल, घरी पोचल्यावर लगेच कुकर लावायची घाई, हे सगळं त्या पत्रांत आलं आहे आणि ते खरं आहे. पण याच प्रवासानं मला एक गोष्ट दिली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चार वर्षांपूर्वी तळेगावला चढणाऱ्या एक काकू माझ्या शेजारी बसल्या. मांडीवर जुन्या कागदाची झेरॉक्स, हातात भिंग. मी डोकावून पाहिलं तर नुसती आडवी रेघ आणि तिला लोंबणारे वेटोळे. "मोडी आहे, मराठीची जुनी लिपी. तुझ्या पणजोबांना येत असणार बघ," त्या म्हणाल्या. त्या भारत इतिहास संशोधक मंडळात कागद वाचायला जात असत. सदाशिव पेठेतल्या त्या मंडळावरून मी कितीदा गेले असेन, आत मात्र कधी पाऊल टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी बाराखडीची झेरॉक्स आणली. तेव्हापासून देहूरोड येईपर्यंत धडा आणि पुढं उजळणी, असा आमचा क्रम ठरला. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. 'र' तर शेजारच्या अक्षरात असा मिसळतो की आठवडाभर मला तो सापडतच नव्हता. हलत्या गाडीत लिहिणं जमत नसे, म्हणून वाचन चालत्या गाडीत आणि लेखन थांबलेल्या गाडीत. वाटेत सिग्नलला गाडी उभी राहिली की डबाभर बायका घड्याळ बघत आणि आम्ही दोघी वही काढत असू. "अगं, लिही लवकर, हिरवा होईल," काकू घाई करायच्या.

मला स्वतःला नवल याचं वाटतं की घरी मी हे कधीच शिकले नसते. घरी अर्धा तास घेऊन बसले असते तरी कुणीतरी हाक मारलीच असती. गाडीत मला कुणी उठवत नाही.

शिकता शिकता खिडकीबाहेरचंही बदललं. वडगाव स्टेशन मी इतकी वर्षं पाहत होते, पण जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडून तह करायला लावला ते हेच वडगाव, याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. पुढं पाऊण तासानं खडकी येतं. तिथं ५ नोव्हेंबर १८१७ ला लढाई झाली आणि काही दिवसांतच पुणं इंग्रजांच्या हाती गेलं. आणि माझ्याच गावात, कामशेतला, 'मराठी रियासत' लिहिणारे इतिहासकार, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याची नोकरी संपल्यावर येऊन राहिले होते. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली छापले गेले. १९५९ मध्ये त्यांचं निधन झालं ते इथंच. गावात लहानाची मोठी झालेल्या किती मुलांना आपण हे सांगतो?

गेल्या दिवाळीत सासूबाईंनी माळ्यावरची ट्रंक काढली. तिच्यात एक मोडी कागद होता, स्टँपपेपर, शके १८१५ चा, म्हणजे इसवी सन १८९३. घड्यांवर फाटलेला. त्याचा फोटो काढून मी गाडीत तीन दिवस वाचला. "कारणे गहाणखत लिहून दिले ऐसे जे" इथपर्यंत सरळ गेलं. पुढं लिहून देणाराचं नाव आलं आणि त्याच्यामागं 'कोम' असा शब्द. कोम म्हणजे अमक्याची बायको. म्हणजे जमीन गहाण ठेवणारी बाई होती, तीही आमच्याच घरातली. शेवटी सहीच्या जागी एक लहानसं वर्तुळ आणि शेजारी लेखकाच्या अक्षरात 'निशाणी बांगडी'. लिहिता न येणारे शेतकरी नांगर काढत, बाया बांगडी. काकूंनी ते वर्तुळ भिंगाखाली धरलं आणि दोघीही पिंपरी जाईपर्यंत गप्प बसलो. या बाईचं नाव आमच्या वंशावळीत कुठंच नव्हतं. वंशावळीत फक्त पुरुष होते. सासूबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि वहीत लिहून घ्यायला लावलं.

मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून जाऊन फार काळ लोटलेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वापरात होती. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची किती गरज आहे, ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मावळातल्या घराघरांत ट्रंकांतून, देवघराच्या फळीवर असे कागद पडून आहेत. घर पाडून नवं बांधताना ते बंबात जातात. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या आळीतच एकांकडं झालं आहे.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. असे कागद असतील तर जाळू नका. जपायचे म्हणून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका, त्यानं कागद कायमचा खराब होतो. घडी अलगद उलगडून उजेडात फोटो काढा आणि मूळ कागद कोरड्या जागी सपाट ठेवा. आपल्या वृत्तपत्रानं आठवड्यातून एकदा मोडीतल्या चार ओळी छापल्या, तर गाडीत त्या वाचणारे निघतील याची मला खात्री आहे. आमच्या महिला डब्यातच आता पाचजणी आहेत. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्या हल्ली फक्त मंगळवारी येतात, आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी खिडकीची जागा आम्ही धरून ठेवतो.

आपली,
एक नियमित वाचक,
कामशेत, ता. मावळ, जि. पुणे